वडवणीची शंखवस्ती

बीडहून परळीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे घाटसावळी मागें पडते, आणि माळरान, कापसाचीं शेतें, मध्येंच उसाचा एखादा हिरवा पट्टा असें पाहत पाहत एस. टी. वडवणीच्या थांब्यावर येऊन उभी राहते. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकीं एकाचें हें मुख्य ठिकाण. परंतु प्रवासवर्णनांत त्याचें नांव वाचल्याचें आमच्या वाचकांना क्वचितच स्मरेल. अंबाजोगाईसारखें पुरातन देवस्थान येथें नाहीं, धारूरसारखा किल्ला नाहीं. मग आम्ही तेथें कां गेलों? मासे पाहावयास गेलों असें सांगितलें तर वाचक हंसतील. पण खरें कारण तेंच आहे.

आमचे साडू वडवणीच्या एका शाळेंत विज्ञानशिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनीं घरांत मासे पाळले आहेत असें कळलें, तेव्हां आमच्या सौ.नीं कपाळाला हात लावला. ‘अक्कांच्या घरीं मासे? आणि सासूबाई घरांत असतांना?’ हा त्यांचा प्रश्न. आमचा आक्षेप निराळा होता. ज्या जिल्ह्याचें नांव काढलें कीं टँकर आठवतो, तेथें हौसेखातर कांचेच्या पेटींत पाणी भरून ठेवावें, हें आम्हांला बरें वाटलें नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें, ही गोष्ट इतक्यांत विसरण्यासारखी नव्हे. साडूंना भेटून दोन शब्द ऐकवावे असाही एक हेतु मनांत होता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

२०२५ ची दिवाळी झाल्यावर आम्ही निघालों. अहिल्यानगरहून बीडला जाणारी आगगाडी त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं, म्हणजे मराठवाड्याच्या मुक्तिदिनींच, सुरू झाली होती. तिनेंच आम्हीं बीड गांठलें. ज्या रेल्वेची या जिल्ह्यानें कित्येक दशकें वाट पाहिली, तिच्या खिडकींत बसण्याचें समाधान कांहीं वेगळेंच. बीडास उतरून खजाना बावडी पाहिली. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळीं बांधलेली ही विहीर. जमिनीखालच्या पाटांनीं तिचें पाणी मळ्यांकडे नेण्याची योजना त्या वेळीं केलेली आहे. पाण्याची कदर या मुलखाला नवीन नाहीं, एवढें तेथें पाहून उमगतें. सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली होती. ओढे अजून वाहत होते. कांहीं ठिकाणीं शेतांतील माती खरवडून गेलेली दिसत होती. टंचाईसाठीं प्रसिद्ध असलेला मुलूख पाण्यानेंच गांजलेला पाहून आमच्या मनांतील दोन शब्दांची धार जराशी बोथट झाली.

साडूंचें घर जुन्या पद्धतीचें, माळवदाचें. जाड मातीच्या भिंती, आणि बाहेर ऊन तापलें तरी ओसरींत गारवा. ओसरीच्या ज्या कोपऱ्यांत पूर्वीं धान्याची कणगी असे, तेथें लोखंडी घोडीवर मत्स्यपेटी ठेवलेली होती: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३०, म्हणजे कांठोकांठ भरली तर ५४ लिटर पाणी. आम्ही उत्सुकतेनें वांकून पाहिलें. पाहतों तों आंत रेती आणि रिकामे शंख! हिरवी वनस्पति नाहीं, रंगीत मासे नाहींत.

‘मासे कोठें आहेत?’ आम्हीं विचारलें.

‘घरांत आहेत,’ साडू म्हणाले. ‘तुम्ही त्यांना परके. जरा बसा.’

आम्ही पाट ओढून बसलों. अक्कांनीं चहा आणला. दहा मिनिटें गेलीं असतील, तोंच एका शंखाच्या तोंडाशीं निळसर कडेचा एक डोळा दिसला. मग करड्या पट्ट्यापट्ट्यांचें अंग, आणि पाठोपाठ दुसऱ्या शंखांतून दुसरें. पांच मिनिटांत त्या ओसाड रेतींत गांव जागें झालें. सर्वांत मोठा रहिवासी आमच्या करंगळीच्या दोन पेरांहून मोठा नव्हता, आणि सर्वांत लहान म्हणजे पापणीचा केंस.

हे मासे ज्या कुळांतले, त्याला सिक्लिड म्हणतात. कुळ मोठें आहे. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका हीं त्याचीं मुख्य माहेरें. आपल्या देशांत मूळचे सिक्लिड अवघे तीन. त्यांतला एक कोंकण-गोव्यांत काळुंदर या नांवानें प्रसिद्ध आहे. तोच केरळांत करीमीन होतो, आणि २०१० सालीं त्या राज्यानें त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. दुसरा बोटभर लांबीचा, नारिंगी, दक्षिणेकडील खाड्यांत राहणारा. त्याचीं पिलें आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव टिपून खातात. तिसरा कर्नाटकांतील नद्यांत सांपडतो. बहुतेक मासे अंडीं टाकून चालते होतात; सिक्लिडांची कीर्ति मात्र संसारी म्हणून आहे. अंडीं राखणें, पंखांनीं त्यांवर पाणी वाहतें ठेवणें, पिलें निघालीं कीं त्यांना सांभाळून हिंडविणें, हें सारें ते निष्ठेनें करितात.

त्यांतील जे सुमारें दहा सेंटिमीटरांच्या आंत राहतात त्यांना हौशी लोक बुटके सिक्लिड म्हणतात. ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशांतील रॅम. अमेझॉनच्या खोऱ्यांत, पाण्याच्या तळाशीं सांचलेल्या पाचोळ्यांत राहणारे अपिस्टोग्रामा. नायजेरियाकडील क्रिबेन्सिस, ज्याच्या मादीचें पोट विणीच्या वेळीं जांभळट तांबडें होतें, असे त्यांचे नाना प्रकार आहेत. अपिस्टोग्रामाच्या कित्येक जातींत पिलें नर व्हावयाचीं कीं मादी हें पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असतें, आणि पाणी जितकें ऊन तितके नर अधिक, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधकांच्या अभ्यासांत दिसून आलें. चिमूटभर जिवाचें पाण्याशीं असलेलें नातें किती खोल असतें, याची यावरून कल्पना येईल.

साडूंनीं आरंभ केला तो रॅमपासून. या माशाचें शास्त्रीय वर्णन प्रथम १९४८ सालीं झालें. मराठवाडा मोकळा झाला तें हेंच साल, म्हणून साडूंना त्याचें विशेष अगत्य. अंगावर निळ्या टिकल्या, डोळ्यांतून गेलेली काळी उभी रेघ, पोटाशीं गुलाबी झांक. असा मासा पाहून कोणासही मोह पडावा. छत्रपति संभाजीनगरहून त्यांनीं दोन जोड्या आणल्या. परंतु रॅम ज्या पाण्यांत जन्मतो तें पावसाच्या पाण्यासारखें मृदु आणि किंचित् आम्ल असतें. वडवणीचें पाणी कसें, याचें उत्तर अक्कांनीं स्वयंपाकघरांतूनच दिलें. ‘बोअरच्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, आणि साबणाला फेस येत नाहीं.’ या सबंध प्रदेशाखालीं दख्खनचा काळा दगड आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारें पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन वर येतें, आणि हंड्याच्या कडेला पांढरा थर धरतो.

साडूंनीं उपाय काढला. घरांत पिण्याच्या पाण्यासाठीं शुद्धीकरणाचें यंत्र होतें, तेंच पाणी माशांना द्यावयाचें. परंतु असें यंत्र एक लिटर पाणी शुद्ध करून देतांना दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. पेटींतील पाणी आठवड्याला १५ लिटर बदलावयाचें म्हटलें कीं ३० ते ४५ लिटर वाहून जावयाचें. एरवीं तें कोणाच्या लक्षांतही आलें नसतें. पण तो २०२४ चा उन्हाळा होता. जिल्ह्यांत गांवोगांव टँकर धांवत होते, आणि साडूंच्या गल्लींतही आठ-आठ दिवस वाट पाहावी लागत होती.

‘एके दिवशीं यंत्र चालूं होतें,’ साडू सांगूं लागले. ‘नळी मोरींत सोडलेली. शेजारची म्हातारी दारांत उभी राहिली. कमरेवर रिकामी घागर. तिनें मागितलें कांहीं नाहीं. नुसती त्या नळीकडे पाहत होती.’

त्यांनीं घागर भरून दिली, आणि त्या दिवसापासून यंत्राचें पाणी माशांना देणें बंद केलें. एकदम बोअरचें पाणी घातलें. चारही रॅम दहा दिवसांत गेले.

‘मीं मारले त्यांना,’ साडू म्हणाले. ‘पोरांना जन्मभर शिकविलें कीं आधीं निरीक्षण करा, मग प्रयोग. आणि स्वतः मात्र पाणी न पाहतां मासा आणला.’

आम्ही जे दोन शब्द ऐकवावयास आलों होतों, ते त्यांनीं स्वतःच स्वतःला आमच्याहून कठोरपणें ऐकविले होते. आम्हीं चहाचा पेला खालीं ठेवला आणि गप्प राहिलों.

पेटी सहा महिने रिकामी पडली. त्या अवधींत साडूंनीं प्रश्न उलटा करून पाहिला. मासा ठरवून त्याच्यासाठीं पाणी घडवावें, त्यापेक्षां पाणी पाहून मासा कां निवडूं नये? बोअरचें पाणी रात्रभर उघडें ठेवून त्यांनीं मोजलें. तें अल्कधर्मी, पी. एच. आठाच्या वर भरलें. असें कठीण, क्षारयुक्त पाणी ज्यांना मानवतें असे बुटके सिक्लिड जगांत आहेत काय? आहेत. आफ्रिकेंत टांगानिका नांवाचें अतिप्रचंड सरोवर आहे. खोली सुमारें १,४७० मीटर. त्याचें पाणी वडवणीच्या पाण्याहूनही अल्कधर्मी. त्याच्या तळाशीं कांहीं भागांत गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांचे थरच्या थर पडलेले आहेत, आणि त्या शंखांत मल्टिफॅसिएटस, म्हणजे ‘पुष्कळ पट्ट्यांचा’, हा मासा वसाहत करून राहतो. बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञानें १९०६ सालीं त्याचें वर्णन केलें. जगांतील अत्यंत लहान सिक्लिडांत त्याची गणना होते.

आतां शंख कोठून आणावयाचे? तेही दूर जावें लागलें नाहीं. वडवणी तालुक्यांतून कुंडलिका नदी वाहते. तिच्यावर धरण आहे. पाणी ओसरलें कीं जलाशयाच्या कांठीं गोगलगाईंचे शंख हवे तितके मिळतात. त्यांतील बेलामिया नांवाची गोगलगाय आणि टांगानिकांतील ज्या गोगलगाईच्या शंखांत हे मासे राहतात ती निओथॉमा, या दोघी एकाच कुळांतल्या. म्हणजे आफ्रिकेच्या माशाला कुंडलिकेच्या कांठीं जणूं मावशीचें घर मिळालें! साडूंनीं ओंजळभर शंख वेंचून आणले, उकळून स्वच्छ केले व रेतींत मांडले. २०२५ च्या आरंभीं सहा मासे आणून सोडले. आम्ही गेलों तेव्हां त्यांचे वीस-पंचवीस झाले होते. किती, याविषयीं घरांत मतभेद होता. त्याची हकीगत पुढें येईल.

त्या दुपारीं आम्ही तासभर तेथेंच बसलों. प्रत्येक मादीचा शंख ठरलेला. ती तोंडानें रेती उचलते, चार बोटें दूर नेऊन टाकते, पुन्हां येते. असें शेंकडों वेळां करून तिनें शंख रेतींत असा पुरलेला असतो कीं फक्त दार उघडें राहावें. अंडीं शंखाच्या आंत; पिलें निघालीं कीं पहिले कित्येक दिवस तीं दाराशींच घुटमळतात, आणि जरा सांवली हलली कीं सगळीं आंत. मोठीं झालेलीं पिलेंही घर सोडून जात नाहींत. त्याच वस्तींत शेजारचा शंख धरून राहतात. साडूंनीं पाण्यांत बोट घातलें तर साडेचार सेंटिमीटरांचा तो गृहस्थ सरळ बोटावर धांवून आला. ‘याच्या शौर्यापुढें मीं माघार घेतों,’ असें म्हणून साडूंनीं बोट काढून घेतलें.

ज्या वाचकांना ही हौस करावीशी वाटेल त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी लिहून ठेवितों. पेटी भरली कीं लगेच मासे सोडूं नयेत. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसरे त्या नायट्राइटचें पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करितात. हे जंतु स्पंजांत व रेतींत रुजावयास चार ते सहा आठवडे लागतात. जे मासे पहिल्याच पंधरवड्यांत मरतात ते पुष्कळदां या घाईनेंच मरतात. साडूंच्या पेटींत हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज आहे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवलेला आहे. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं क्षार तसेच मागें राहून पाणी आणखी जड होतें. म्हणून नुसती भर घालून भागत नाहीं, पाणी बदलावेंच लागतें. आठवड्याला एक बादली, दहा लिटर. आणि ती बादली मोरींत जात नाहीं. नायट्रेट हें झाडांचें खत. तें पाणी परसांतील तुळशीला, कढीपत्त्याला आणि कर्दळीला जातें. अक्कांची तुळस आम्हीं पाहिली. तिच्या तजेल्याविषयीं अधिक लिहावयास नको. म्हणजे जें पाणी झाडांना घालावयाचेंच होतें, तें वाटेंत आठवडाभर माशांच्या घरीं मुक्काम करून जातें, एवढाच काय तो प्रकार.

खाण्याच्या बाबतींत अक्कांची अट होती कीं जिवंत किडेमकोडे घरांत यावयाचे नाहींत. तेव्हां मासे विकतच्या कोरड्या दाण्यांवर आहेत, आणि पिलांना तेच दाणे खलांत बारीक करून मिळतात. त्या दाण्यांत बहुधा माशांचेंच पीठ असतें, हें साडूंनीं अक्कांना सांगितलेलें नाहीं. आम्हींही सांगितलें नाहीं. आतां हा अंक त्यांच्या घरीं जाईल तेव्हां काय होईल तें होवो.

साडूंच्या मातोश्रींनीं प्रथम नाकाला पदर लावला होता. मग एके दिवशीं त्याच म्हणाल्या, ‘अरे, मनूनेंही मासा पाळलाच होता कीं!’ खरेंच आहे. शतपथ ब्राह्मणांत ती कथा आहे. मनूच्या ओंजळींत एक इवलासा मासा आला. मोठे मासे मला खातील, माझें रक्षण कर, म्हणाला. मनूनें त्याला आधीं घागरींत ठेविलें, तिच्यांत मावेना तेव्हां खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन सोडिलें. पुढें प्रलयांत त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली. आपल्याकडे माशांचें कौतुक पुढेंही राहिलें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र त्या राजाचा विनोद गळ टाकण्याचा होता. आजींना मनूच अधिक पसंत पडला.

परंतु मनूच्या कथेचा शेवटचा भाग आज कोणीं आचरूं नये, असें साडू बजावून सांगतात. परदेशचा मासा नकोसा झाला म्हणून नदींत वा तळ्यांत सोडणें हें पुण्य नव्हे. चिलापी म्हणून जो मासा आज उजनीपासून सर्वत्र बाजारांत दिसतो, तोही आफ्रिकेचा सिक्लिडच. १९५२ सालीं तो भारतांत आणला. पुढें धरणांत व नद्यांत असा पसरला कीं कित्येक ठिकाणीं मूळच्या माशांना जागा उरली नाहीं. ‘पेटींत आणलें तें पेटींतच सांभाळावें, नाहीं तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावें,’ हा त्यांचा नियम.

संध्याकाळीं दारांतून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आंत आली आणि विचारल्याशिवाय पेटीपुढें मांडी घालून बसली. घागर घेऊन आलेल्या त्या म्हातारीची ही नात. तिचे आईबाप चार दिवसांपूर्वींच ऊसतोडीला गेले होते. या जिल्ह्यांतून दरवर्षीं लक्षावधि माणसें दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे साखर कारखान्यांच्या कामावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथला हिशेब. मुकादमाकडून आधीं घेतलेली उचल हंगामभर तोडून फेडावयाची. कांहीं मुलें आईबापांबरोबर फडावर जातात, कांहीं वसतिगृहांत राहतात, कांहीं आजीपाशीं. ही आजीपाशीं राहिली होती, म्हणून तिची शाळा सुटली नव्हती.

मुलगी बराच वेळ पाहत होती. मग साडूंकडे वळून तिनें विचारलें, ‘गुरुजी, ह्यांची माय तोडीला जात नाई का?’

साडूंना उत्तर सुचलें नाहीं. आम्हांलाही नाहीं. अक्का बाहेर आल्या, तिच्या हातावर दिवाळींतली उरलेली चकली ठेवली आणि म्हणाल्या, ‘आज किती झाले, मोजलेस कां?’

मोजणें हें तिचें काम होतें. साडूंनीं तिला एक वही दिली होती. तींत ती रोज तारीख घालून आंकडा लिहीत असे. साडूंच्या मतें पिलें बावीस, तिच्या मतें सव्वीस. साडूंची नजर आतां पहिल्यासारखी राहिली नाहीं, म्हणून घरांत तिचाच आंकडा धरला जाई. रात्रीं आईचा फोन आला कीं ती तिला पहिल्यानें तो सांगते, असें आजीकडून कळलें. फडावरच्या कोपींत दिवसभराच्या कष्टानंतर ती बाई वडवणींतील माशांची शिरगणती ऐकते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही परतलों. थांब्यावर एस. टी.ची वाट पाहत असतां माणसांनीं व संसारानें भरलेले दोन ट्रॅक्टर रस्त्यानें गेले. हंडे, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, आणि सर्वांच्या वर दोन पोरें. आमच्या सौ. कांहीं बोलल्या नाहींत. पण गाडींत बसल्यावर त्यांनीं विचारलें, ‘आपल्याकडचें पाणी कसें आहे हो? डाळ तर चटकन् शिजते.’ पेटीचा विचार त्यांच्याही मनांत आला होता असें दिसतें.

घरीं पोंचल्यावर आठ दिवसांनीं वडवणीहून फोन आला. साडूंचा असेल म्हणून घेतला, तर पलीकडे तीच मुलगी होती. नांव-गांव, कुशल-प्रश्न कांहीं नाहीं. ‘एकतीस झाले,’ तिनें सांगितलें आणि फोन गुरुजींच्या हातांत दिला.